घरीं राहिलेलें कुलूप

गेल्या खेपेस या सदरांत मीं माळ्यावरच्या अडगळीविषयीं लिहिलें होतें. तें वाचून एका वाचक भगिनीनें मला विचारलें आहे कीं, “मास्तर, जेथें जागा पुष्कळ आहे तेथें वस्तु कशा लावाव्या हें आपण सांगितलेंत, पण जेथें मुळीं जागाच नाहीं तेथें वस्तु ठेवावी कोठें, हें कधीं सांगणार?” प्रश्न मोठा मार्मिक आहे, आणि योगायोग असा कीं गेलें वर्षभर आमच्या घरांत याच प्रश्नाचा अभ्यास चालला आहे. मात्र तो माळ्याचा नसून मोटारसायकलीचा, ज्या वाहनाला आमच्या वडिलांच्या पिढींत फटफटी म्हणत, त्या वाहनाचा आहे. या अभ्यासाची फी आम्हीं बरीच भरली. ती इतर कुटुंबांना भरावी लागूं नये, एवढ्याचसाठीं आजचें हें लिहिणें.

आमचें जांभूळ अंबरनाथ तालुक्यांत, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आहे. औद्योगिक विकास महामंडळाचें पाणी शुद्ध करण्याचें केंद्र आमच्याच गांवीं असल्यामुळें कारखान्यांच्या व शहरांच्या नळांना आमचें नांव ठाऊक आहे. पण आगगाडीला तें ठाऊक नाहीं. १८५४ सालीं लोहमार्ग कल्याणपर्यंत आला, १८५६ सालीं तो पुढें खोपोलीपर्यंत गेला. परंतु गांवापासून स्टेशनापर्यंतचें अंतर ज्याचें त्यानेंच काटावयाचें, ही व्यवस्था तेव्हांपासून आजतागायत कायम आहे. पूर्वीं लोक चालत, मग सायकली आल्या, आतां मोटारसायकली आल्या. सकाळीं गाडी स्टेशनाबाहेर लावावयाची, लोकल पकडून मुंबई गांठावयाची, आणि संध्याकाळीं परत येऊन ती जागेवर आहे कीं नाहीं हें धडधडत्या अंतःकरणानें पाहावयाचें, हा आमच्या भागांतील शेंकडों घरांचा नित्यक्रम झाला आहे.

दहाबारा तास मालकाच्या दृष्टीआड राहणाऱ्या वस्तूला कुलूप हवें, हें सांगण्यास शास्त्राधार नको. अडचण निराळीच आहे. १९७२ सालीं आकुर्डीच्या कारखान्यांतून ‘चेतक’ स्कूटर निघूं लागली, तिला पायांपुढच्या ढालीमागें एक पेटी असे. तींत कुलूपच काय, भाजीहि राही. मोटारसायकलीच्या देहांत मात्र एंजिन, टांकी आणि बैठक यांखेरीज रिकामी जागा अशी जवळजवळ नसतेच. बैठकीखालीं जी बोटभर पोकळी असते, ती हत्यारांची गुंडाळी, प्रथमोपचाराची डबी आणि कागदपत्रें यांनीं भरून जाते. मग ज्या कुलपानें गाडी राखावयाची, तें कुलूप वाटेंत राखावयाचें कोठें? प्रश्न क्षुल्लक दिसतो. मलाहि तो क्षुल्लकच वाटला होता.

गेल्या वर्षीं चैत्रांत आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें पतपेढीचें कर्ज काढून एक वापरलेली मोटारसायकल घेतली. ही चैन नव्हती. त्याची पत्नी मुंबईच्या एका इस्पितळांत परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून ती लोकलनें परत येते तेव्हां रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेले असतात. त्या वेळीं गांवाकडे येण्यास रिक्षा मिळेलच असा भरंवसा नसतो, आणि मिळाली तरी घरांतील माणसांच्या जिवाला स्वस्थता नसते. पुतण्या दिवसा गाडी घेऊन स्टेशनावर जाई, संध्याकाळीं घरीं येई, आणि रात्रीं पुन्हां पत्नीला आणावयास निघे. त्या गाडीवर आमच्या घराची झोंप अवलंबून होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

गाडी दारांत आली त्या दिवशीं वहिनींनीं तिला हळदकुंकूं वाहिलें, नारळ फोडला. मीं उल्हासनगरच्या बाजारांतून एक सांखळी व कुलूप आणून पुतण्याच्या हातीं ठेवलें. दहा मिलिमीटर जाडीच्या कड्या, लांबी सव्वा मीटर, आणि कुलपासकट वजन साडेतीन किलो. देतांना मीं एक लहानसें व्याख्यानहि दिलें. योग म्हणजे न मिळालेलें मिळविणें व क्षेम म्हणजे मिळालेलें राखणें. तुझा योग झाला, आतां क्षेमाकडे लक्ष ठेव, असा त्याचा मथितार्थ. कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला असून त्यांत वर्णविपर्यय कसा झाला आहे, हेंहि सांगून घेतलें. सर्वांनीं आदरानें ऐकलें. पुतसुनेनें मात्र सांखळी हातांत तोलून एवढेंच विचारलें, “अण्णा, ही गाडीवर राहणार कुठें?”

मीं म्हणालों, “अगं, ठेवणाऱ्याला जागा सांपडते.”

हें वाक्य मीं पस्तीस वर्षें वर्गांत, दप्तर न आवरणाऱ्या मुलांना ऐकवीत आलों. तें मोटारसायकलीला लागूं पडतें कीं नाहीं, याचा विचार करण्याची गरज मला वाटली नाहीं.

पुतण्यानें जागा शोधण्याची शिकस्त केली. बैठकीखालीं सांखळी मावेना. ती त्यानें हँडलला अडकविली, तर ती टांकीवर आपटूं लागली आणि वळणावर हँडल एकीकडे ओढूं लागली. मग मागच्या दांड्याभोंवतीं गुंडाळली. तेव्हां तिच्या घांसण्यानें रंग गेला, आणि एके दिवशीं सुटलेलें टोक चाकापर्यंत लोंबलेलें मागून येणाऱ्या एका भल्या गृहस्थानें ओरडून दाखविलें म्हणून निभावलें. अखेर सर्वांत सोपी म्हणून त्यानें ती पाठीवरच्या पिशवींत टाकली. वर जेवणाचा डबा आणि खालीं साडेतीन किलो लोखंड, असा त्याचा प्रवास सुरू झाला. मीं तें पाहून समाधानानें मान हालविली.

आषाढांत एका सकाळीं वळणावर चिखलांत चाक घसरलें. वेग बेताचाच होता, डोक्याला शिरस्त्राण होतें, म्हणून डोकें वांचलें. परंतु तो पाठीवर पडला, आणि पाठ व रस्ता यांच्या मध्यें सांखळी होती. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हाड मोडलें नाहीं हें नशीब. पण पिशवींत लोखंड नसतें तर नुसत्या खरचटण्यावर भागलें असतें. मुलगा तीन आठवडे अंथरुणावर होता. कणा हा देहाचा आधारस्तंभ. त्यावर आघात करणारी वस्तु मीं स्वतः विकत आणून, वर व्याख्यान देऊन, त्याच्या पाठीवर चढविली होती.

तो बरा होऊन कामावर निघाला त्या दिवशीं वहिनींनीं सांखळी ओटीवरच्या खुंटीला टांगली आणि म्हणाल्या, “भावोजी, गाडी गेली तर दुसरी येईल. हें आतां इथेंच राहूं द्या.” कोणी कांहीं बोललें नाहीं. मी रोज त्या खुंटीखालीं बसून वर्तमानपत्र वाचीत होतों. सांखळी मला दिसत होती. पण बोलावें तर दुसरा उपाय सांगावा लागला असता, आणि तो मजपाशीं नव्हता.

भाद्रपदांत एका संध्याकाळीं पुतण्या स्टेशनाबाहेर आला तेव्हां गाडी जागेवर नव्हती. गाडीचें अंगचें हँडल-कुलूप लावलेलें होतें. तेवढें पुरलें नाहीं. त्यानें ठाण्यांत जाऊन तक्रार नोंदविली आणि तो स्टेशनावरच थांबून राहिला, कारण रात्रीं पत्नी येणार होती. साडेबाराच्या पुढें दोघें चालत घरीं आलीं. ओटीवर दिवा लावून मी बसलों होतों. पुतसुनेनें चपला काढतांना खुंटीकडे एकदां पाहिलें. माझ्याकडे पाहिलें नाहीं.

गाडी आजतागायत मिळालेली नाहीं. विम्याचा कागद काढून पाहिला तेव्हां कळलें कीं तो केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १४६ व्या कलमानें सक्तीचा आहे तो एवढाच विमा. आपल्या गाडीनें दुसऱ्याचें नुकसान झालें तर त्याची भरपाई त्यांतून होते, आपलीच गाडी चोरीस गेली तर छदामहि मिळत नाहीं. चोरीची भरपाई हवी तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा निराळा हप्ता भरून जोडावा लागतो. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गाडी आहे त्यांनीं आजच रात्रीं जेवणें झाल्यावर तो कागद काढून वाचावा, अशी माझी विनंति आहे. आणखी एक गोष्ट: चोरीची भरपाई मागतांना विमा कंपन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. यास्तव दुसरी किल्ली कोठें आहे हें घरांत किमान दोघांना ठाऊक असावें.

दिवाळीनंतर दुसरी, आणखी जुनी गाडी घ्यावयाचें ठरलें. या खेपेस मीं व्याख्यान दिलें नाहीं. पुतसून मात्र माझी शाळेंतील लाकडी पट्टी व दोऱ्याचें रीळ घेऊन गाडी पाहण्यास गेली. लोक गाडी घेतात आणि मग कुलूप. तिनें आधीं कुलपाची जागा मोजली आणि मग गाडी पसंत केली. तिच्या या मोजमापांतून आमच्या घरांत जे नियम झाले, ते मी तिच्या संमतीनें येथें देत आहें.

पहिला नियम असा कीं, जड कुलूप हिंडवूं नये, तें मुक्कामीं ठेवावें. गाडी रात्रभर घरींच असते. ओटीच्या जोत्यांत आम्हीं एक जाड लोखंडी कडी सिमेंटानें पक्की बसविली; ती साडेतीन किलोची सांखळी आतां कायम तेथेंच असते व रात्रीं चाकांतून ओवली जाते. ती लावतांना जमिनीवर लोळूं देऊं नये, कारण जमिनीवर टेकलेल्या कुलपावर घाव घालणें सोपें जातें. ऐरणीचें काम जमीनच करते. गाडी दिवसा जेथें रोज उभी राहते तेथील चालकाची परवानगी असेल, तर तेथेंहि एक सांखळी कायम ठेवतां येते. एकच कुलूप दोन्हीकडे वाहण्याचा हट्ट हाच मुळांत दोष होता.

दुसरा नियम, वाटेंत न्यावयाचें कुलूप लहान घ्यावें. पुढच्या चाकाला तबकडीचा ब्रेक असेल तर त्या तबकडीच्या भोंकांत बसणारें कुलूप मिळतें, त्यास बाजारांत डिस्क लॉक म्हणतात. तें मुठींत मावतें आणि वजन किलोच्या आंतबाहेर असतें. तें जुन्या मोज्यांत घालून बैठकीखालीं ठेवावें, म्हणजे खडखडत नाहीं. मात्र बॅटरीच्या टोकांजवळ धातूची वस्तु कधींहि ठेवूं नये. दोन्ही टोकें लोखंडानें जोडलीं गेलीं तर ठिणगी पडते. या कुलपाचा दोष असा कीं तें लावलेलें विसरून गाडी पुढें काढली कीं माणूस पडतो आणि ब्रेकचीहि मोडतोड होते. यासाठीं कुलपापासून हँडलपर्यंत ताणून ठेवावयाची एक भडक रंगाची मळसूत्री दोरी मिळते. ती घेतल्यावांचून हें कुलूप घेऊंच नये. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यांत त्या दोरीनें एकदां आपलें मोल वसूल करून दिलें. ज्या लहान गाड्यांना दोन्ही चाकांत जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असतात, त्यांना हें कुलूप लागत नाहीं, हें घेण्यापूर्वीं पाहावें.

तिसरी गोष्ट पुतसुनेच्या शोधाची आहे आणि ती मला फार आवडली. तबकडीचें कुलूप चाक फिरूं देत नाहीं, पण गाडी उचलून नेण्यास आडकाठी करीत नाहीं. म्हणून गाडी खांबाला बांधणारें दुसरें, इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचें कुलूप हवें. तें ठेवावयाचें कोठें? आपल्याकडील मोटारसायकलींना मागच्या चाकाच्या डाव्या बाजूस एक जाळीदार चौकट असते, तिला साडीगार्ड म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाहीं इतकें चाक झांकणारी योजना आवश्यक केली आहे. तिचेंच हें रूप. आमची पुतसून कामावर सलवार-कमीज घालून जाते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. ती म्हणाली, “ही चौकट माझ्यासाठीं म्हणून लावली आहे ना? मग तिचा उपयोग मीच ठरवितें.” तिनें यू कुलूप त्या चौकटीच्या दांड्यांतून ओवून तेथेंच बंद केलें. वाटेंत तें पडत नाहीं, कोणी उचलून नेत नाहीं, आणि वजन खालच्या बाजूस राहिल्यामुळें तोलहि बिघडत नाहीं. दांड्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढविल्यानें आवाज बंद झाला.

येथें एक धोक्याची सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. गाडी रिकामी असतां चाक आणि कुलूप यांत जें अंतर दिसतें, तें दोन माणसें बसल्यावर तेवढें राहत नाहीं. वजनानें बैठक खालीं दबते व चाक वर सरकतें. म्हणून दोघांना बसवून, गाडी हातानें पुढेंमागें ढकलून, कुलपाचा कोणताहि भाग चाकाला अथवा गाडीच्या सांखळीला लागत नाहीं ना, हें तिसऱ्यानें वांकून पाहावें. तें काम आमच्याकडे मजकडे होतें. साडी नेसून मागें बसणारी स्त्री घरांत असेल, तर कुलूप चौकटीच्या आंतल्या अंगास नव्हे आणि पदर अडकेल असें बाहेरहि नव्हे, तर मागच्या दांड्याला पट्ट्यानें आवळून बांधावें. त्या चौकटीचें मूळ काम आधीं, आपलें मागून.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: कुलूप अंगावर वाहूं नये. गळ्यांत नाहीं, खांद्यावर नाहीं, पाठीच्या पिशवींत नाहीं. तसेंच हँडलवर कांहींहि लोंबकळत ठेवूं नये. गाडी लोखंडाची आहे, लोखंड तिनेंच वाहावें.

पांचवी गोष्ट आमच्या भागांतील पावसाची. जून ते सप्टेंबर कुलपाच्या भोंकांत पाणी व चिखल जातो आणि ऐन वेळीं किल्ली फिरत नाहीं. कुलूप लावतांना भोंक खालच्या दिशेस ठेवावें, आणि पंधरा दिवसांनीं शिलाई-यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावे. तेल घालावयाचा दिवस आम्हीं एकादशीचा ठरविला आहे. त्यांत धर्म कांहीं नाहीं. पण पंधरा दिवस आपोआप लक्षांत राहतात.

इतकें करूनहि चोर येणारच नाहीं असें नव्हे. कुलूप हें तटबंदी नसून विलंब आहे. एकाला दोन व निरनिराळ्या जातींचीं कुलपें दिसलीं कीं चोराला अधिक वेळ व अधिक हत्यारें लागतात, आणि त्याला तर वेळच नसतो. एवढाच त्याचा उपयोग, आणि तो थोडा नव्हे.

आतां माझ्या व्याख्यानाविषयीं. योगक्षेम हा शब्द मीं आयुष्यभर शिकविला. गीतेंतील तो शब्द आपल्या आयुर्विमा महामंडळानें बोधवाक्यांत घेतला आहे, हेंहि विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकानें सांगत आलों. पण त्या शब्दाबरोबर मूळांत जें क्रियापद आहे, तें ‘सांगणें’ नाहीं, ‘वाहणें’ आहे, याकडे माझें कधीं लक्ष गेलें नाहीं. क्षेम वाहावें लागतें; आणि वाहावयाचें तर वजन किती, तें ठेवावयाचें कोठें, आणि भार कोणाच्या पाठीवर पडणार, हें आधीं पाहावें लागतें. घरांतील वडील माणसें उपदेश करतात त्यांतील पुष्कळ उपदेश असे साडेतीन किलोचे असतात. ते चुकीचे नसतात. पण ज्याला ते दिले त्याच्यापाशीं ते ठेवावयास जागा आहे कीं नाहीं, हें आपण विचारीत नाहीं. पुतसुनेनें तें पहिल्याच दिवशीं विचारलें होतें. प्रश्न बरोबर होता. मास्तरानें उत्तर न देतां सुभाषितासारखें वाक्य फेंकलें.

पतपेढीचे हप्ते अजून दोन वर्षें आहेत, न राहिलेल्या गाडीचे. त्यांतील निम्मे मी माझ्या निवृत्तिवेतनांतून भरतों. पुतण्या नको म्हणत होता. मीं त्याला सांगितलें कीं, हा दंड नव्हे, वांटा आहे. वहिनींनीं तें ऐकून त्या दिवशीं जेवतांना मला न विचारतां दुसऱ्यांदां भात वाढला, त्यावरून तो विषय मिटला असें मी समजतों.

खुंटी आतां रिकामी आहे. तिला माझी छत्री असते. रात्रीं बारा वाजण्याच्या सुमारास दारांत गाडीचा आवाज येतो, मग जोत्याच्या कडीत सांखळी ओवल्याचा, आणि शेवटीं कुलूप बसल्याचा. तो शेवटचा आवाज ऐकूं आला म्हणजे मी ओटीवरचा दिवा मालवितों.